कोंबड्यांच्या मागून माणसं

मी पथकात गेले ती कुणाचे प्राण वाचवायला नाही. प्रत्येक गावातून निदान एक बाई हवी होती आणि ग्रामसेवकांना माझं घर येता-जाता रस्त्यावर पडत होतं, एवढंच. अंगणात मोटरसायकल उभी करून त्यांनी विचारलं, "आपत्तीच्या वेळी मदत करणारं गावाचं पथक करायचंय. प्रशिक्षण सावंतवाडीला आहे, राहणं-जेवण तिकडेच. जाल का?"

मी कपडे शिवते. तेव्हा लग्नसराईचे ब्लाउज मशीनशेजारी ढिगाने पडले होते. नाही म्हणायला ते कारण पुरेसं होतं. पण मला एका जागी फार वेळ बसवत नाही. बाही जोडता जोडता मी दोनदा उठते, विहिरीपर्यंत जाऊन येते, उगाच फाटक उघडून रस्त्यावर बघते. सासूबाई होत्या तेव्हा त्या म्हणायच्या, हिच्या खुर्चीवर कोणी काटे पसरलेत काय. मी ग्रामसेवकांना हो म्हटलं आणि त्यांची मोटरसायकल वळणाआड जाईपर्यंत मला पस्तावाही झाला.

आमच्या गावातून दोघं गेलो. दुसरा जेटीजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा भाई. त्यांच्या मोहल्ल्यातली माझी गिऱ्हाइकं पुष्कळ, म्हणून ओळख जुनी. तो मला वैनी म्हणतो. माणूस इतका शांत की त्याच्याबरोबर एसटीत बसलं तरी माझी चुळबुळ मलाच जाणवायला लागते.

प्रशिक्षणात आम्ही प्लास्टिकच्या पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन त्याला जिवंत केलं, दोन बांबू आणि चादरीची झोळी करून एकमेकांना उचललं, दोराच्या गाठी शिकलो. शिकवणारे साहेब बाहेरचे होते. ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की लोक वेळेवर घराबाहेर पडले तर यातलं काहीच करावं लागत नाही. तुमचं खरं काम हे बोलण्याचं आहे. मला ते तेव्हा सोपं वाटलं होतं. बोलायला काय लागतं?

परत आले ती केशरी जाकीट, हेल्मेट, शिट्टी आणि एक नवीच खोड घेऊन. जिथे जाईन तिथे मला काय काय होऊ शकेल ते दिसायला लागलं. कुणाच्या घरावर कललेला माड, उघडी वायर, मांडवात चुलीला खेटून ठेवलेला सिलिंडर. एका लग्नात मी मागच्या बाजूने बाहेर पडायला वाट आहे का ते बघत फिरत होते, तेव्हा माझ्या नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू लग्नाक इलंस काय पंचनाम्याक?"

त्याचा टेम्पो आहे, आचऱ्याच्या बाजाराला माल नेतो-आणतो. स्वभावाने थट्टेखोर. पण माझी झोप कमी झाली होती ती त्यालाही दिसत होती. वाऱ्याने कौल वाजलं की मी उठून बसायची.

त्या वर्षी मे महिन्यात पहिला इशारा आला. फोनवर तो नकाशा सगळ्यांनी पाहिला, समुद्रात फिरणारा पांढरा भोवरा आणि त्यातून आमच्या किनाऱ्याकडे आलेली रेघ. तालुक्याहून आदेश आला, की वाळूच्या पट्टीवरची वाडी रिकामी करून माणसं शाळेत आणा.

ही वाडी म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळूवर माडांच्या सावलीत थोडी घरं. एकच रस्ता, तोही सखल. वाडीच्या अगदी टोकाला माझ्या नवऱ्याची काकी राहायची. तिचा नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगे मुंबईला. ती चिऱ्याच्या छोट्या घरात एकटी, आणि तिच्या कोंबड्या. कोंबड्यांवर तिचा जीव होता. प्रत्येकीला नाव होतं आणि कोणती कुठे अंडं घालते ते तिला ठाऊक होतं. मुंबईहून मुलाचा फोन आला की ती आधी त्यांची खबर द्यायची, मग स्वतःची.

मी जाकीट घालून तिच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात उभी राहिले तेव्हा ती वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वारो खंय आसा? माडाचा पानसुद्धा हलणा नाय."

"काकी, संध्याकाळपर्यंत येतला म्हणतत. एका रातीचो प्रश्न आसा."

"आणि कोंबडे?"

"खुराड्यात बंद करूया. काय होवचा नाय तेंका."

तिने वालाचं सूप बाजूला ठेवलं. मग उठली. नंतर कळलं, ती शासनासाठी उठली नव्हती. सुनेने उन्हातून चालत येऊन सांगितलं तर तिचं तोंड पाडायचं कसं, म्हणून उठली होती. आणि काकी निघाली म्हणून बाकीची वाडी निघाली.

वादळ आलंच नाही. ते बाहेरच्या बाहेर उत्तरेला सरकलं. आमच्याकडे नुसती झिमझिम झाली. शाळेत वीज नव्हती, डासांनी मुलांना फोडून काढलं, म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसून राहिल्या आणि मी वर्गावर्गात फिरत राहिले. उजाडलं तेव्हा समुद्र नेहमीसारखाच होता. लोक वळकट्या गुंडाळून निघाले.

काकीबरोबर मी वाडीत गेले. तिच्या खळ्यात पिसं पसरली होती. खुराड्याचं दार उकरून उघडलेलं. वाडी रिकामी, कुत्रीसुद्धा माणसांच्या मागोमाग शाळेपाशी गेलेली. कोल्ह्याला कुणी हटकणारं नव्हतं. काकीने सगळं अंगण चालून पाहिलं. चुलीमागे एक पिवळी तलंग, कोवळी कोंबडी, तेवढी जिवंत सापडली, भेदरलेली. ती उचलून तिने छातीशी धरली आणि मला म्हणाली, "वादळ इला नाय. कोल्हो इलो."

त्याउपर ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, चतुर्थीला घरी आली तेव्हा नाही, दिवाळीत नाही. शेजारणीची खळ्यात वाळत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, झिमझिमीत भिजून वाया गेली होती, तीही मला ऐकवायची. मी वाडीत शिवलेले कपडे द्यायला गेले की कुणीतरी आभाळाकडे बघून विचारायचं, "आज काय बातमी?" आणि बाकीचे हसायचे.

भाई म्हणाला, "वैनी, वादळ गेला ह्या बरा झाला नाय? माणसा सगळी जाग्यार आसत."

बरं झालं होतंच. पण त्याचं बरं वाटणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी तालुक्याला फोन करून विचारलं, अंदाज चुकला कसा. तिथला माणूस समंजस होता. चुकला नाही, म्हणाला, वादळाची वाट थोडी सरकली, असं होतं. मी ते वाक्य वाडीत जाऊन कुणाला सांगणार होते? पुन्हा इशारा आला तर मी काय तोंडाने जाणार, हा विचार मनात घोळत राहायचा. मशीन चालवताना, भात वाढताना, टेम्पोत पुढे बसून आचऱ्याला जाताना. जाकीट मी कपाटात अगदी खाली ठेवून दिलं आणि दर थोड्या दिवसांनी ते तिथेच आहे ना हे बघत राहिले.

पुढच्या वर्षी जूनच्या तोंडाला, पावसाआधीची आगोटीची कामं उरकत आली होती, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकल्या होत्या, आणि फोन वाजला. या वेळी भोवरा नव्हता. समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता आणि दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण. दुपारच्या भरतीच्या आत वाडी रिकामी करा, असा निरोप होता.

सकाळी मी कपाटाच्या तळातून जाकीट काढून घातलं. भाई रस्त्यावर थांबला होता. आम्ही घराघरांतून सांगत गेलो. कुणी दार लावून घेतलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तुका सांगूक धाडल्यानी, तू सांगलंस. आता घराक जा." तो चांगल्या मनाने बोलला होता, म्हणून जास्त लागलं.

टोकाला काकी दारात उभी होती. तिच्या खळ्यात पुन्हा कोंबड्या झाल्या होत्या, पिवळी आता मोठी होऊन पिल्लांची आई झालेली. तिने मला बोलूच दिलं नाही. वर्षभरात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. "गेल्या वर्साक तुझा आयकलंय. आता नाय. तू जा."

वारा एव्हाना उठला होता. माड एका दिशेला झुकत होते आणि बांधापलीकडून समुद्राचा आवाज जड येत होता. पटवून द्यायला शिकवलेली सगळी वाक्यं मला तोंडपाठ होती. त्यातलं एकही सांगावंसं वाटेना. मी इकडेतिकडे बघितलं, भिंतीला डालगं उपडं घातलेलं होतं. मोठी बांबूची टोपलीच ती, कोंबड्या झाकायची. ते उचललं आणि मी कोंबड्यांच्या मागे लागले.

का, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. हातांना काहीतरी करायला हवं होतं. अंगावर केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, आणि मी खळ्यात कोंबड्यांमागे धावते आहे. एकही हाताला लागेना. एक माडाच्या आळ्यात शिरली, एक कुंपणावर चढली. हेल्मेट डोळ्यांवर घसरलं आणि मी तुळशीला धडकले. भाई फाटकाशी उभा राहून खाली बघत होता. हसू आवरत असावा.

"अशे गावतत काय कोंबडे?" काकी म्हणाली. "धावडून धावडून मारशीत तेंका."

ती आत गेली, मूठभर कण्या घेऊन आली आणि बा-बा-बा करत खळ्यात बसली. कोंबड्या तिच्या पायांशी जमल्या. तिने एकेक उचलून माझ्या डालग्यात घातली. शेवटचीला घालताना विचारलं, "आणि ह्यांका खंय नेतलंस? शाळेत घेतीत?"

शाळेत जनावरं आणायची नाहीत, असं निरोपातच होतं. मी भाईकडे पाहिलं.

"माझ्या शेडीत," तो म्हणाला. "शाळेकडच्या चढार, उंचार आसा, दाराक कुलूप आसा. कोल्हो येवचो नाय."

मी नवऱ्याला फोन केला. तो टेम्पो घेऊन आला तेव्हा पहिली सवारी कोंबड्यांची झाली. पुढे काकी, मागे डालगं, त्यावर दोराने बांधलेलं फडकं. टेम्पो वाडीतून जाताना लोक दारात येऊन बघत होते. सुंगटंवाल्या शेजारणीने हात करून थांबवलं. "माझ्या शेळयेक जागा होयत?"

"होयत," मी म्हटलं. जागा किती आहे मला माहीत नव्हतं.

मग एका घरातून गाय निघाली, एकातून बदकं. एका मुलीने मांजर पिशवीत घातलं. नवऱ्याने किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. शेळ्यांनी टेम्पोची ताडपत्री खाल्ली त्याबद्दल तो अजून बोलतो. आणि जनावरांच्या मागून माणसं आपोआप आली, कारण कुणालाही आपलं जनावर दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नव्हतं. मी कुणाला वादळ, उधाण, धोका असलं काही सांगितलंच नाही. फक्त विचारत गेले, तुमच्याकडे काय आहे, दोर आहे का, पेंढा घेतलात का.

पाणी भरतीच्या ऐन वेळेआधीच आलं. आधी बांधावरून नुसते तुषार उडत होते. मग एक लाट वरून आली आणि परत गेली नाही. रस्त्यावरून वाहत खाडीत उतरली. तिच्यामागून दुसरी. आम्ही शाळेच्या चढावरून बघत होतो. तेवढ्यात भाई म्हणाला, "काकी खंय?"

ती शेडमध्ये नव्हती. शाळेत नव्हती. सुंगटंवाली म्हणाली, खुडूक कोंबडी रांदपाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीत अंड्यांवर बसलेली राहिली म्हणून काकी हळहळत होती. मला पुढचं ऐकायला लागलंच नाही.

भाईने शेडमधून दोर आणला. रस्त्यावर पाणी गुडघ्याच्या वर होतं, आणि ते एका जागी उभं नव्हतं, समुद्राकडून खाडीकडे ओढत होतं. प्रशिक्षणात शिकलेली गाठ मला आठवेना. हात कमरेशी, दोर हातात, आणि डोक्यात काही नाही. शेवटी परकराची नाडी बांधते तशी बांधली आणि वर आणखी एक. भाईने ती ओढून पाहिली. "ऱ्हवात," म्हणाला. दोराचं दुसरं टोक त्याच्या कमरेला होतं. नवरा चढावर उभा होता. तो थट्टा करत नव्हता, "सांभाळ" सुद्धा म्हणत नव्हता. नुसता बघत होता. ती नजर मला पाण्यापेक्षा जड वाटली.

आम्ही कुंपणं धरत, माड धरत गेलो. पाण्यात झावळ्या, चपला, कुणाचं तरी प्लास्टिकचं पिंप. काहीतरी टणक येऊन माझ्या नडगीवर आदळलं, अजून तिथे खूण आहे. काकी तिच्या लोट्यावर, दारापुढच्या उंच ओट्यावर उभी होती. लुगड्याच्या ओच्यात कोंबडी होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला असं दिसलं नाही.

"अंडी घेवक गावली नाय," ती म्हणाली.

"काकी, चला."

भाई पाठ वाकवून तिच्यासमोर उभा राहिला. "काकी, पाठीर बसा."

"माका उचलू नको. हात दी."

मला रडू फुटायचं बाकी होतं. पाणी ओट्याच्या पायरीला लागत होतं आणि ती पायरीवर उभी राहून पदर खोचत होती. भाई मात्र घाई न करता म्हणाला, "बरा. हात धरा. पण कोंबडी वैनीकडे द्या, तुमका दोनूय हात व्हये."

हे तिला पटलं. तिने कोंबडी माझ्या जाकिटात खुपसली आणि चेन वर ओढली. अशा तऱ्हेने आम्ही परत आलो. भाई पुढे, काकी मध्ये त्याचा हात धरून, मी मागे. जाकिटातून ती खुडूक कोंबडी माझ्या हनुवटीला चोची मारत होती. मध्यावर काकीचा पाय घसरला आणि ती छातीपर्यंत पाण्यात गेली. भाईने तिला खांद्यावर घेतली, न विचारता. चढावर आल्यावर त्याने खाली उतरवलं तेव्हा तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

दुपार कलायच्या आत रांदपाची खोली कोसळली. लांबून फक्त कौलं खाली बसताना दिसली. आणखी काही घरांच्या भिंती गेल्या, रस्ता मधोमध तुटला, पुष्कळ माड आडवे झाले. माणूस एकही गेलं नाही.

पुढे सावंतवाडीला एका कार्यक्रमात भाईला आणि मला बोलावलं. शाल, नारळ. कसं काय पटवलंत लोकांना, असं विचारलं गेलं. मी कोंबड्यांचं सांगितलं तेव्हा सभागृहात हशा झाला. मग समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, त्यांच्या गावात म्हशी आहेत, त्यांना कुठे ठेवायचं. हशा थांबला. त्यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि ते मला शालीपेक्षा बरं वाटलं.

पावसाळाभर काकी आमच्याकडे होती. आमचं जमलं असं म्हणवत नाही. मी उठ-बस करते ते तिला खपत नव्हतं. ती पहाटे उठून भांडी वाजवते ते मला. पण ती माझ्याशी बोलत होती. मुलांनी मुंबईहून येऊन घराची मागची बाजू नव्याने बांधली, आणि पाऊस संपल्यावर ती परत निघाली. मी फार विनवलं. मुलगेही म्हणाले, इथेच राहा. तिने ट्रंक टेम्पोत ठेवली.

वाडीत ट्रंक उतरवून घेताना मी विचारलं, "परत पाणी इला तर?"

"तर येतलंय," ती म्हणाली. "पण हाक वेळार मार."

तेवढंच बोलून ती कोंबड्यांचं खुराडं कुठे करायचं ते बघायला गेली. आता दर अमावास्येला, पुनवेला माझं कामात लक्ष लागत नाही. परवा एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी उलट्या जोडल्या. आभाळ स्वच्छ होतं, फोनवर काही नव्हतं. मी फाटकापर्यंत गेले, रस्त्यावर बघितलं, परत आले, आणि बाह्या उसवायला घेतल्या.